कुंदाकाकूंचं गच्चीवरचं कॉलेज

कुंदाकाकू कॉलेजला निघाल्या की आख्ख्या गल्लीला कळतं. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, पायात सँडल. फाटकाशी उभ्या राहून त्या घरात आवाज देतात, "अवो, मी कॉलेजले चालली!" मग फाटक लावतात, बाहेरच्या जिन्याने आपल्याच घराच्या गच्चीवरच्या खोलीत जातात आणि लॅपटॉप उघडतात.

"खाली बसली तं कुकरच्या शिट्ट्याच ऐकत राहीन वं रेखा," त्यांनी मला समजावलं होतं. "ऑनलाइन असलं म्हणून का झालं? कॉलेजले जा लागते!"

मी शेजारची. साठी उलटलेल्या काकूंचं नाव ऑनलाइन बी.ए.ला मीच नोंदवून दिलं, त्यामुळे पुढच्या सगळ्या तक्रारींची धनीणही मीच. घरबसल्या शिकायचं म्हणजे टीव्ही पाहण्यासारखंच, असं त्यांना वाटलं होतं. पहिलाच स्वाध्याय पाठवायला जरा उशीर झाला, तर पोर्टल बंद!

"असं कसं बंद?" काकू खवळल्या. "आपला किराणावाला बी अर्धं शटर उघडं ठेवते नं!"

तेव्हापासून त्यांचा स्वाध्याय वर्गात सगळ्यांच्या आधी पोचतो.

वर्गातल्या मुलांनी एकमेकांच्या लिखाणावर मत द्यायचं, असाही एक प्रकार असतो. कामठीच्या एका मुलीने लोकशाहीवर कशाबशा दोन ओळी लिहिल्या. काकूंनी खाली मत नोंदवलं, "छान. पण थकलेली वाटतेस. वेळेवर जेवत जा बेटा." लोकशाही राहिली बाजूला, आख्खा वर्ग त्याखाली आपापल्या मेसचं रडगाणं लिहू लागला.

राऊतकाका म्हणजे त्यांचे यजमान, कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. एकदा बिचारे कौतुकाने चहा घेऊन वर गेले. काकूंनी दारातूनच परतवलं, "क्लास चालू हाये. पालकांनी आत येऊ नये!" माइक सुरूच होता.

खरी गंमत परीक्षेत झाली. तिथे पहारेकरी म्हणजे कॅमेरा. खोलीत दुसरं कोणी दिसलं की ताकीद, पुन्हा दिसलं की पेपर बंद. काकूंचा पेपर रंगात आलेला आणि काकांनी दारातून डोकं घातलं, "मीठ कुठं ठेवलं?"

पडद्यावर लाल अक्षरं झळकली : खोलीत दुसरी व्यक्ती आढळली आहे.

काकूंनी कॅमेऱ्याला हात जोडले. "दुसरी व्यक्ती नाही हो साहेब, नवरा हाये!"

काका पळाले. त्या दिवशी त्यांनी अळणी भाजी मुकाट्याने खाल्ली. पण पेपर वाचला आणि काकू पास झाल्या. गल्लीभर पेढे वाटले काकांनीच.

नवं वर्ष सुरू झालं. एका सकाळी मी सहज वर गेले, तर काकू गेल्या वर्षीच्याच राज्यशास्त्राच्या तासाला बसलेल्या. पडद्यावर मुलांच्या नावांचे काळे चौकोन, आणि त्यात उजळलेला एकच चेहरा, काकूंचा. तरुण सर पुस्तक शोधायला क्षणभर उठले होते.

"काकू, हा विषय तर सुटला ना तुमचा?"

"सुटला नं. सरले विचारून बसतो." त्यांनी माइक बंद आहे ना ते पाहिलं. "पाह्य नं, पोरगं किती जीव लावून शिकवते. अन् हे पोट्टे कॅमेरे बंद करून बसते. मागच्या साली एकदा बोलता बोलता मधातच थांबला. म्हणे, कोणी ऐकून राहिलं का? मले कसंतरीच झालं वं."

काकू पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या.

"तुह्या काकांची सारी नोकरी मशीनच्या आवाजात गेली. घरी आले की त्याइले शांतता पायजे. त्याइचा दोष नाही. पण मी सैपाक करता करता बोलत राहो, अन् तिकून हूं नाही का चूं नाही. मंग एक दिवस बोलणंच सोडलं."

सर परत आले. खुर्चीत बसत, कोणाला तरी शोधल्यासारखे पडद्याकडे पाहू लागले.

काकूंनी पटकन माइक सुरू केला.

"बोला सर. मी हाये."