साखरेने मोजलेलं जग

मादारा किचनमध्ये चहा ओतत होती, निम्मा कपात, निम्मा बशीत. आज तिला मागणी घालायला आले होते ना! तिचा राउफ, त्याचे वडील नसीबसाहेब आणि झरीफाआत्या, थेट अझरबैजानातल्या बाकूहून लात्वियातल्या रीगाला. राउफने तिला दहादा बजावलं होतं, "आमच्यात होकार चहातून देतात. गोड चहा म्हणजे पोरगी दिली. बिनसाखरेचा आला की आम्ही बूट घालायचे!"

"एवढंच ना?" मादारा म्हणाली होती.

एवढंच! पण बाहेर नसीबसाहेब सहज बोलून गेले, "तुमची लात्वियन भाषा इथेच बोलतात ना फक्त?"

झालं! तिच्या बाबांनी, गुनार्सनी, ॲटलास काढून टेबलावर आपटला. "जिथे आमची भाषा, तिथे खडा!" म्हणत नसीबसाहेबांनी साखरेचा एक चौकोनी खडा बाकूवर ठेवला. मग तब्रीझ, अर्दबील. "इराणात तर आमच्या देशापेक्षा जास्त लोक अझरबैजानी बोलतात!" मग रशियातलं दर्बेंत, मग जॉर्जिया, मग तुर्कस्तानातलं कार्स.

बाबांनी रीगावर खडा ठेवला. आणि अडकले.

"डब्लिन!" ते एकदम ओरडले. "माझा पोरगा असतो तिथे!"

"एक पोरगा म्हणजे काय मुलूख झाला?"

"त्याच्या मशरूमच्या फार्मवर सगळे आमचेच! आणि मेलबर्न! टोरंटो!"

दोघंही इरेला पेटले. आणि आपापल्या भाषेसाठीची ही लढाई चालली होती रशियनमध्ये, कारण दोघांना येणारी तेवढी एकच भाषा!

मादारा साखर घ्यायला धावत आली, तर साखरदाणी रिकामी, सगळे खडे ॲटलासवर! तेवढ्यात मागून आईने कप तसेच आणून वाटलेसुद्धा. झरीफाआत्याने घोट घेतला आणि तिचा चेहराच पडला.

"दादा, ऊठ. पोरगी देत नाहीयेत हे."

"अहो नाही, थांबा!" मादाराने तब्रीझवर झडप घातली.

"तब्रीझला हात लावायचा नाही!" नसीबसाहेब गरजले.

ती मेलबर्नकडे वळली.

"पोरी, खबरदार!" बाबा.

"पप्पा, लग्न मोडतंय माझं!" राउफ पांढराफटक पडला होता.

आत्याने कोटात एक हात घातलासुद्धा. मादाराला रडूच फुटलं. "बाबा, तुम्हाला मेलबर्न हवंय की जावई?"

 बाबांनी हळूच डब्लिनचा खडा उचलला. "नातवंडं फोनवर इंग्रजीतच बोलतात तशीही," असं पुटपुटत त्यांनी तो आत्याच्या कपात सोडला. नसीबसाहेबांनी घसा खाकरला आणि कार्स स्वतःच्या चहात बुडवलं. मग काय, बघता बघता अर्धं जग विरघळलं! आत्या मादाराचे मुकेच घेत सुटली.

"मग संसार कुठे? बाकूत की इथे?" नसीबसाहेब खुशीत म्हणाले.

"माल्मोला," राउफ लाजत म्हणाला. "स्वीडनमध्ये नोकरी लागलीये दोघांना."

दोघा बापांनी ॲटलासवर वाकून स्वीडन शोधलं. अख्खा देश रिकामा!

"कोपऱ्यावर दुकान आहे का हो साखरेचं?" नसीबसाहेबांनी हळूच विचारलं.

 पिशवी काखेत मारून बाबा केव्हाच दारात बसून बुटाची नाडी बांधत होते.