महाराज हिस्पानी ‘असते तर’ शिकले त्याची हकीकत

श्रीसरस्वतीस नमन, आणि हे लिहिणाऱ्या कारकुनास तिने थोडा धीर द्यावा ही प्रार्थना. शके सतराशे नऊ, प्लवंग नाम संवत्सर, भाद्रपद मास. ते समयी राज्यात दुष्काळ नव्हता, स्वारी नव्हती, सर्व सुखरूप होते, आणि मग महाराजांस हिस्पानी भाषा शिकावयाची बुद्धी जाहली. हिस्पानियाचा, म्हणजे स्पेन मुलखाचा, वकील फाल्गुनात दरबारी येणार, त्याशी स्वमुखे बोलावे ऐसा हेत धरिला, आणि सांतू शेणवी म्हणून समुद्रकाठचे दुभाषी होते त्यांस गुरू नेमिले. शेणव्यांची एकुलती कन्या यमू, तिचे लग्न मार्गशीर्षात ठरले होते. त्यांनी रजा मागितली, तो महाराज बोलिले, “आधी पाठ पुरा करा, मग खुशाल जा.”

पाठ ‘तेनेर’ या क्रियापदाचा. तेनेर म्हणजे जवळ असणे. आहे, होते, असेल, इतके महाराजांनी आठ दिवसांत घोटिले, आणि मग ‘तुविएरा’ आले आणि गाडे अडले. तुविएरा म्हणजे ‘असते तर’. जे आपणापाशी नाही त्याविषयी बोलावयाचे. महाराज संतापले. “आम्हांपाशी नाही ऐसे काय आहे?” शेणवी हात जोडून बोलिले, “उदाहरणादाखल, महाराज. सि तुविएरा उन बार्को. जहाज असते तर.” आता राज्यास समुद्र नाही हे पोरासोरांस ठाऊक, पण दिवाण बहिरो अनंत तेथेच बसले होते, आणि महाराजांची उणीव कानी पडताच भरून काढणे हा त्यांच्या घराण्याचा तीन पिढ्यांचा रिवाज, सबब ते उठले, आणि महिन्याभरात गावतळ्यात जहाज उभे केले, आणि धुणे धुवावयास जागा उरली नाही. महाराज बोलिले, “जहाज आहे. मग ‘असते तर’ कशास?” पाठ रद्द जाहला. मग शेणव्यांनी उंटाचे उदाहरण घेतले, आणि चाळीस उंट आले आणि राणीसाहेबांची बाग खाऊन गेले. मग विचार करकरून शेणवी बोलिले, “शत्रू असता तर,” की हे तरी कोणी आणणार नाही, तो दिवाणांनी शेजारच्या राजास शिव्यांचे पत्र धाडिले. ते पत्र याच कारकुनाने लिहिले, आणि लिहिताना बोरू मोडून टाकावासा वाटला.

मार्गशीर्ष लागला. लग्नास सहा दिवस राहिले आणि महाराज ‘तुविएरा’ म्हणावयाचे तेथे अजून ‘तेंगो’, म्हणजे ‘आहे’, म्हणत होते. शेणव्यांचा धीर सुटला. पोथी मिटून ते मोठ्याने बोलिले, “रजा असती तर मी घरी गेलो असतो, महाराज! पोरीचे लग्न आहे हो माझ्या!” महाराज हसून बोलिले, “एवढेच ना? दिली.” शेणवी डोळे पुसत त्याच पावली निघाले, आणि आम्ही सर्वांनी सुटकेचा श्वास घेतला.

तो चौथे दिवशी पाठाच्या वेळेस महाराज बैठकीवर बसले, समोरची गादी रिकामी पाहिली, आणि कोणी न सांगता, एक अक्षर न चुकता बोलिले, “सि तुविएरा माएस्त्रो.” गुरुजी असते तर. दरबाराने वाहवा केली. मी मात्र दिवाणांकडे पाहिले, तो ते उठले होते.

स्वार पोहोचले तेव्हा मांडवात अंतरपाट धरीत होते. शेणव्यांस घोड्यावर घातले, आणि यमूचे कन्यादान चुलत्याने केले. दोन दिवसांनी हळदीच्या हातांनी शेणवी महाराजांपुढे उभे राहिले. महाराजांनी हौसेने वाक्य म्हणून दाखविले. शेणवी बोलिले, “निर्दोष आहे, महाराज. पण मला तेथेच राहू दिले असते, तर पोरीचा हात मी माझ्या हाताने दिला असता.”

महाराजांची नजर त्या हळदीच्या हातांवर गेली. मग दिवाणांकडे वळून बोलिले, “यांची ती घटका परत घेऊन या.”

बहिरो अनंत सवयीने उठले, मुजरा करून दारापर्यंत गेले, आणि कोणीकडे जावे हे न कळून तेथेच उभे राहिले.

येणेप्रमाणे महाराजांस तो पाठ आला. फाल्गुनात वकील आला, गेला. महाराज त्याशी तेनेरची सर्व रूपे बोलिले, एक तेवढे बोलिले नाहीत. घडले तैसे लिहिले. इति.