कमळजाबाईसाहेबांच्या जखमेची हकीकत

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न असो, बोरूची शाई न सुको आणि वाचणाराचे पोट भरलेले असो, कारण या हकीकतीत उपास पुष्कळ आहे. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजितनाम संवत्सर, कार्तिक मासी राजियांच्या राणी कमळजाबाईसाहेब यांस नववा मास लागला आणि राज्यात आनंदीआनंद जाहला, आणि हत्तीखान्यापासून मुदपाकखान्यापर्यंत ज्यास त्यास आपणच बाळंत होणार ऐसे वाटो लागले. परंतु सुईणीपासून पोट लपत नाही म्हणतात ते खोटे नव्हे. दरबारची शस्त्रवैद्यीण इंदूबाई, मोठी करारी, राजियांपुढेही उगाच हसणे जीस ठाऊक नाही, तिने बाईसाहेबांचे पोट एकदा चाचपिले, दोनदा चाचपिले, आणि अर्ज केला की, गर्भ पायाळू आहे, डोके वर करोन गादीवर बैसल्याप्रमाणे बैसला आहे, वळविता वळत नाही आणि वाटही अरुंद, तेव्हा दरवाजाने आणणे धोक्याचे, तटास खिंडार पाडोनच आणिला पाहिजे, म्हणजे पोटावर शस्त्र चालवोन. हे ऐकोन राजियांचा चेहरा उतरला, परंतु बाईसाहेब बोलिल्या की, राजबीज आहे, मान खाली घालीत नाही, त्यात त्याचा काय अपराध? आणि मसलत ठरली, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी नेमिली, ज्योतिषियांनी सूर्योदयानंतर पाच घटकांचा मुहूर्त काढिला, आणि बाईसाहेबांच्या रक्ताशी ज्यांचे रक्त जुळते ऐसे चार स्वार वेळप्रसंगी रक्त देण्यास निवडोन ठेविले, ते चौघे त्या दिवसापासून मिशांस पीळ भरोन हिंडो लागले.

आता राजियांच्या मातोश्री थोरल्या बाईसाहेब यांची गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांनी पाच लेकरे कळा देऊन आणिली, त्यातील एक तर कूच चालू असता मेण्यातच, आणि ही कथा त्या वर्षातून चार वेळा सांगत आणि आम्ही चारही वेळा माना डोलवीत असो. त्यांस पोट चिरण्याची मसलत रुचली नाही. त्या बोलिल्या की, कळा न देता आई होणे म्हणजे न लढता किल्ला घेणे, किल्ला मिळतो, नाव होत नाही. झाले. उचलली जीभ लावली टाळ्याला, सरदारांच्या बायकांनी ते वाक्य हळदीकुंकवापरी घरोघर वाटिले आणि फिरत फिरत ते बाईसाहेबांच्या कानी आले. बाईसाहेब सरदाराच्या लेक, घोड्यावर बैसणाऱ्या, तापात कण्हल्या नाहीत, परंतु ते वाक्य काळजास लागले आणि एके दुपारी दार लोटोन घेऊन पोटभर रडल्या. त्यांस तोफा नको होत्या, मिरवणूक नको होती. सासूने एकदा म्हणावे की सूनबाई, तुम्ही बाळंत जाहलात, एवढीच इच्छा होती, आणि ती कोणापाशी बोलता येईना.

चतुर्थीस इंदूबाईने बांगड्या, नथ, जोडवी सारे उतरविले, नखांची मेंदी घासोन काढविली आणि हुकूम फर्माविला की, रात्रीचे भोजन जाहले म्हणजे पुढे अन्न नाही, आणि पहाटेपासून पाण्याचा थेंबही नाही. पंचमीस सूर्योदयी बाईसाहेब मेण्यात बैसो लागल्या तो थोरल्या बाईसाहेब चांदीची वाटी घेऊन पुढे आल्या. या राज्याचा रिवाज ऐसा की, हातावर दहीसाखर पडल्याविना कोणी मोठ्या कामास उंबरा ओलांडीत नाही. उपासाचा हुकूम थोरल्यांस ठाऊक नव्हता ऐसे नव्हे, परंतु शकुन म्हणजे का अन्न, ऐसे त्यांचे मत. बाईसाहेबांनी हात मागे घेतला, परंतु सासूच्या डोळ्यांत पाणी दिसले, नऊ मासांत प्रथमच माया दिसली, आणि त्या मायेस नाही म्हणवेना, सबब घेतले, चांगले दोन चमचे, सायीसकट, आणि मेणा उचलिला.

मग शस्त्रशाळेच्या, म्हणजे इंदूबाई जेथे चिरफाड करी त्या दालनाच्या, दारी भूलवैद्य नारोपंत उभे होते. अंग बधिर करणे हे त्यांचे काम. त्यांनी रीतीप्रमाणे पुसिले की, रात्रीपासून पोटात काही गेले काय, आणि सभोवतीच्या साऱ्या मंडळींनी एकमुखाने नाही म्हणोन सांगितले, आणि मुहूर्तास अर्धी घटका राहिली होती. बाईसाहेबांनी सासूकडे पाहिले तो त्या खांबाकडे पाहो लागल्या. भूल दिल्यावर पोटातले वर येऊन श्वासात उतरले म्हणजे माणूस हाती लागत नाही, हे इंदूबाईने बाईसाहेबांस चार वेळा सांगितले होते. खोटे बोलावे तर दोन जीव जातात, खरे बोलावे तर मुहूर्त जातो आणि सासूची भर सरदारांत शोभा होते, मग ती काय आपणास बाळंतीण म्हणणार? जीव टांगणीस लागला. परंतु पोटात लेकराने टाच मारिली आणि बाईसाहेब बोलिल्या, "पंत, दहीसाखर खाल्ली आहे. चूक माझी."

तेव्हा मोठा हलकल्लोळ जाहला. ज्योतिषी म्हणो लागले की दोन चमच्यांनी काय होते, आणि नारोपंत म्हणाले की, दोन प्रहर लोटल्याविना मी सुई हाती धरणार नाही, मग माझे मस्तक मारा. आणि कोणी कुजबुजो लागले की, राणीस एक सकाळ जीभ आवरिता आली नाही. ते ऐकोन बाईसाहेबांचे कान तापले. मग थोरल्या बाईसाहेब खांबावरची नजर काढोन पुढे आल्या आणि साऱ्यांच्या देखत बोलिल्या, "वाटी आमच्या हातची. सूनबाईंकडे कोणी बोट करू नये." या बाईंनी उभ्या जन्मात चूक कबूल केल्याची दप्तरी नोंद नाही, आम्ही पुन्हा शोधोन पाहिली. मग ज्योतिषियांनी पंचांग पुन्हा उघडिले आणि माध्यान्हानंतर याहून उत्तम मुहूर्त त्यांस तत्काळ सापडला. पंचांग मोठे दयाळू असते.

माध्यान्ह टळली आणि काम सुरू जाहले. बाईसाहेबांस पाठीची कमान करोन बैसविले, कण्यात सुई गेली, आणि कमरेखालचे अंग परक्याचे जाहले. डोळ्यांपुढे पडदा बांधिला, परंतु शुद्ध जागी होती, आणि दुखत काही नसता पोटात ओढाताण चालली, जणू कोणी खोल पेटारा उपसीत आहे. बाईसाहेबांस भय वाटले, फार वाटले, आणि त्यांनी नारोपंतांचा हात ऐसा धरिला की पंतांची बोटे तीन दिवस दुखत होती. मग आधी बूड आले, मग पाय आले, सरतेशेवटी मान ताठ धरोन डोके आले, आणि कन्यारत्न ऐसे रडले की बाहेर हत्ती बिथरला. बाईसाहेबांनी तिचा गाल गालास लावोन घेतला आणि रडो लागल्या. एकवीस तोफा जाहल्या. वाट सोडोन खिडकीने आली तिला पायाळू म्हणावे की नाही, ऐसा शास्त्रियांत वाद उपस्थित जाहला, तो अद्याप चालला आहे.

येथवर आले की बखरकार दौत मिटतात. ती त्यांची चूक, कारण खरी लढाई पुढेच. भूल उतरली आणि आग उठली. जखम वीतभर, खोकला आला तरी उशी पोटाशी दाबोन धरावी लागे, आणि हसण्याने टाके ओढतात म्हणोन राजवाड्यात विनोदास बंदी जाहली आणि विदूषकास गावी पाठविले. त्यात इंदूबाई म्हणे की, वारा सरल्याविना पेज देणार नाही. मग सारे राज्य त्या एका वाऱ्याची वाट पाहत बैसले, प्रधान काम सोडोन दाराशी कान देऊन उभे, आणि षष्ठीस सकाळी तो वारा सरला, खणखणीत सरला, आणि जासूद धावत दरबारी जाऊन वर्दी देता जाहला, आणि राजियांनी त्यास हातचे कडे काढोन दिले. बाईसाहेबांस हसू आवरेना आणि हसवेना, ऐसी त्यांची दशा जाहली.

पेज पोटात गेली आणि इंदूबाईने हुकूम केला की आता उठा, चाला. जुन्या दासी ओरडल्या की बाळंतिणीने बाज सोडो नये, खाली शेगडी, वर घोंगडी, सव्वा महिना हीच रीत. सारे थोरल्यांच्या तोंडाकडे पाहो लागले. त्या बोलिल्या की, आमचे एकदा ऐकिले तेवढे पुरे, वैद्यीण म्हणते तैसे करा. मग बाईसाहेबांनी कुशीवर होऊन पाय खाली सोडिले आणि उभ्या राहिल्या, तो पोटातले सारे गळोन पडते ऐसे वाटले आणि कपाळी घाम फुटला. पाळणा दहा पावलांवर. हात द्यावयास दासी धावल्या, त्यांस नको म्हणाल्या. तिसऱ्या पावली डोळ्यांपुढे अंधारी आली, सहाव्या पावली थांबल्या, दात आवळिले, आणि दहाव्या पावली पाळण्याचा दांडा धरिला आणि लेकीस आपल्या हाताने उचलिले. त्या क्षणी त्यांस स्वतःचा ऐसा अभिमान वाटला की घोडदौडीत पहिल्या आल्या तेव्हाही वाटला नव्हता. दुपारी इंदूबाईने जखमेचे फडके बदलिले, तेव्हा थोरल्या बाईसाहेब जवळ होत्या. त्यांनी ती जखम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली आणि निघोन गेल्या. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे.

मार्गशीर्ष वद्य प्रतिपदेस बारसे. या राज्याचा कायदा ऐसा की, भरल्या दरबारी गादीपुढे साऱ्यांनी उभे राहावे, प्रधान असो की राजमाता असो, आणि ज्याने राज्यासाठी अंगावर शस्त्र घेतले तोच बैसेल. ऐसे सहा म्हातारे सरदार त्या दिवशी आसनांवर बैसले होते, कोणाचा हात गेलेला, कोणाच्या मांडीत भाला मोडलेला. बाईसाहेब मुलीस घेऊन बायकांत उभ्या राहिल्या, आणि उभे राहोन राहोन टाके ठणको लागले, परंतु बैसावयास मागितले नाही. मागे कोणी सरदारीण बोलिली की, कळा न देता मिरविणे बरे असते. बाईसाहेबांनी ऐकिले आणि मुलीस अधिक जवळ धरिले. ते थोरल्यांनीही ऐकिले, आणि पाळण्याची दोरी हातची सोडोन त्यांनी सातवे आसन मांडावयास सांगितले. प्रधान गडबडले, पुसो लागले की हे कोणासाठी?

थोरल्या बाईसाहेब साऱ्या दरबारास ऐको जाईल ऐसे बोलिल्या, "आम्ही पाच वेळा बाळंत जाहलो, परंतु शस्त्र अंगावर घेतले नाही. सूनबाई, तुम्ही बाळंत जाहलात आणि जखमीही जाहलात. तुम्ही बैसा. आम्ही उभ्या राहतो."

मग भाल्याच्या म्हाताऱ्याने आपले आसन थोडे सरकवोन जागा केली, आणि बाईसाहेब बैसल्या, आणि मुलगी भुकेली होती म्हणोन तिथेच पदराआड घेतली.

सारांश, राज्य शाबूत, कन्या धष्टपुष्ट, टाके भरत आले, आणि जखमी सरदारांच्या यादीत सातवे नाव चढले, ते आम्ही आपल्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहिले.