फक्त तुलाच लिहितोय

आमचे शेजारी बिराजदार काका माझ्याच नेट कॅफेत येऊन मलाच घाई लावतात. "सायेब, चहा सांगायचा तर आत्ता सांगा. पाच मिनिटात टपरीवरचं दूध संपून राहिलंय. मग म्हणू नका, काकानं सांगितलं न्हाई." चहाचे पैसे माझे, तल्लफ यांची, आणि घाई मला!

ही सवय त्यांना क्लासेसनी लावली. लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले, तेव्हा काका एका क्लासची पत्रकं लिहायचे. 'शेवटच्या काही जागा शिल्लक' हे वाक्य त्यांचंच. पोरं दाटीवाटीनं सतरंजीवर बसली तरी त्या शेवटच्या जागा काही संपायच्या नाहीत. क्लाससाठी गावोगावहून आलेल्या पोरांना काकांनी घरातल्या खोल्याही भाड्यानं दिल्या होत्या. पोरं शिकली, पुण्याला, बंगळुरूला, काही अमेरिकेला गेली. नव्या पोरांना एसीवाली होस्टेलं लागतात, त्यामुळं खोल्या आता रिकाम्याच आहेत.

त्या पोरांना डबे द्यायच्या शोभाबाई. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं म्हणून चिडून त्या यंदा नगरसेवकपदाला अपक्ष उभ्या राहिल्या. चिन्ह मिळालं, पण प्रचाराच्या रिक्षाला आणि भोंग्याला पैसे नाहीत. पायी फिरावं तर गुडघे गेलेले. काका म्हणाले, "आपली पोरं हायत ना. ईमेल करू." टायपिंग अर्थातच माझ्या गळ्यात.

"विषय लिहा. बाळा, मला तुझी लई काळजी वाटून राहिलीय."

"कसली काळजी, काका?"

"ते कळायला पोरगं मेल उघडतंय. इथंच सांगितलं तर कामून उघडल?"

पुढं शोभाबाईंच्या धपाट्यांचं असं वर्णन सांगितलं की टाइप करता करता मलाच भूक लागली. मग म्हणाले, "आता लिहा, आज संध्याकाळी सहाच्या आत पैसे आले तरच उपयोग."

"सहाला काय आहे?"

"काय न्हाई. पण सवड दिली की माणूस झोपतो. आन् खाली ता. क. घाला. मधलं कुणी वाचत न्हाई, ता. क. समदे वाचतात. त्यात लिहा, हे फक्त तुलाच लिहितोय, तुझ्यावरच माझा भरवसा हाय."

मी म्हटलं, प्रत्येकाला वेगळा मेल पाठवतो. काका घड्याळ बघत म्हणाले, "वेगळा कुठं पाठवता, सहा वाजून राहिलेत!" स्वतःच काढलेल्या सहाला हा माणूस स्वतःच घाबरला होता. मग मीही गडबडलो आणि सगळ्यांना एकदमच मेल ठोकला, सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतील असा.

पाच मिनिटांत उत्तरं सुरू. 'काका, मला वाटलं मी एकटाच लाडका.' 'आधी बाकीच्या लाडक्यांना देऊ द्या.' सगळी पोरं एकमेकांची खेचत बसली, पैसे मात्र कुणीच पाठवेना. दुसऱ्या दिवशी रिक्षावाला सांगून गेला, दुपारपर्यंत आगाऊ रक्कम द्या, नाहीतर समोरच्या पार्टीनं रिक्षा मागितलीय. ही मुदत खरी होती. शोभाबाई गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या, त्यांच्याकडं बघून मला वाईट वाटलं.

मला एक युक्ती सुचली. त्र्याण्णवच्या भूकंपात काकांचं गावाकडचं घर पडलं, त्यात बायको आणि चार वर्षांचा मुलगा गेले. काका त्या दिवशी नोकरीसाठी इकडं लातुरात होते, म्हणून वाचले. गल्लीतल्या जुन्या लोकांनाच हे ठाऊक आहे. मी म्हटलं, "काका, भूकंपाच्या दोन ओळी घालू. पोरं रडतील आणि मुकाट देतील." वाटलं, गुरू खूश होतील.

काकांनी चष्मा काढून पुसला.

"पोरांना ते ठावं न्हाई. मी कंदी सांगितलंच न्हाई. सांगितलं असतं तर माझ्याशी जपून वागली असती बिचारी. ती भाडं बुडवायची, खोटं बोलायची, रुसून जेवायची न्हाईत. घर भरल्यावानी वाटायचं हो मला. ते आता बिघडवू नका."

मला माझीच लाज वाटली. मग काकांनी तीन ओळी सांगितल्या. 'शोभाबाईला रिक्षा पाहिजे. पैसे कमी पडून राहिलेत. जमतील तेवढे पाठवा.'

थोडे थोडे करून पैसे आले. रिक्षा ठरली, दुपारी भोंगाही गल्लीत वाजायला लागला. शोभाबाई पुढच्या सीटवर हात जोडून बसल्या होत्या. काका मात्र माझ्या कॅफेतच होते. अमेरिकेतून राहुलचं उत्तर आलं होतं, ते मी त्यांना वाचून दाखवत होतो.

'काका, पैसे पाठवलेत. पण भिंतीत खिळा ठोकला म्हणून खोली सोडताना तुम्ही माझं डिपॉझिट कापलं होतं. तो खिळा आधीपासूनच होता. मी विसरलेलो नाही.'

काकांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं.

"बघा, अजून भांडून राहिलाय माझ्यासंगं," ते डोळे पुसत म्हणाले. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी ऐसपैस बसले. "लिहा त्याला. खिळा त्यानंच ठोकला हुता."