विश्वासू व्यक्तीचा रकाना

दुकानाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, कुठल्या कंपनीकडे नोंदवायचं हे ठरवायला कुलूपवाल्याने पाच आठवडे घेतले. लग्न ठरवायला त्याला दीड तास पुरला होता, आणि बायको ही गोष्ट अधूनमधून काढत असे. पण बायको कुणी पळवेल अशी धास्ती त्याला कधी नव्हती. नाव पळवलं जाईल ही होती. पळवणाराही त्याच्या डोळ्यांपुढे होता: सख्खा धाकटा भाऊ.

वडील गेल्यावर वाटण्या झाल्या. दुकान आणि दुकानावरचं वडिलांचं नाव थोरल्याला, किल्ल्या कापायचं जुनं मशीन धाकट्याला. सारं शहर त्या नावाने दुकान शोधत येई, त्यामुळे कुणाच्या पदरात काय पडलं हे सांगायला नको. धाकट्याने दोन गल्ल्या सोडून एका लाँड्रीवरची खोली घेतली आणि दारावर नुसतं 'किल्ल्या' असं लिहिलं. थोरल्याचं समाधान एवढ्यावर होईना. "माझ्या धंद्यात नाक खुपसायचं नाही," असं त्याने वाटणीच्या दिवशीच बजावलं होतं, आणि धाकट्याचा नंबरही फोनमधून काढून टाकला होता.

तर कंपनी. कुलूपवाल्याने बारा कंपन्यांना फोन केले आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला. "समजा, मी पासवर्ड विसरलो, माझा मेल बंद पडला, आणि मी रडत रडत तुम्हाला फोन केला. आत सोडाल का?"

अकरा कंपन्या गोड बोलल्या. "काहीतरी मार्ग काढू, सर." त्या अकरांवर त्याने तिथेच काट मारली. जो मला मार्ग काढून देईल तो धाकट्यालाही देईल, हा त्याचा हिशेब होता.

बाराव्या कंपनीतली बाई म्हणाली, "नाही."

"रडलो तरी?"

"रडलात तरी."

कुलूपवाल्याला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. "अशी माणसं राहिली नाहीत," तो बायकोला म्हणाला.

फॉर्म भरताना संपर्काचा मेल म्हणून त्याने दुकानाच्या नव्या नावावरचाच मेल दिला. आपला कारभार दुसऱ्याच्या दारात कशाला? शेवटच्या रकान्यात मात्र गाडी अडली. 'अडचणीच्या वेळी तुमच्या वतीने कोड घेणारी विश्वासू व्यक्ती.' रकाना रिकामा ठेवता येत नव्हता.

"माझं लिहा ना," बायको म्हणाली.

"तू तुझ्या भावाला सांगशील."

"मग बाबांचं, माझ्या."

"त्यांना काही ऐकू येत नाही. आणि तुझ्या भावाला सगळं ऐकू येतं."

बायकोने हात टेकले. कुलूपवाल्याने तासभर विचार केला आणि स्वतःच्या वडिलांचं नाव लिहिलं. खाली त्यांचा नंबर टाकला, तो त्याला पाठ होता. वारलेल्या माणसाला कोण फितवणार? कंपनीनेही काही विचारलं नाही.

दोन वर्षं सुखाची गेली. मग मेल येऊ लागले: 'आपल्या नावाची मुदत संपत आहे. ताबडतोब पैसे भरा.' कुलूपवाला हसला. "घाई करणारा माणूस चोर असतो," वडील म्हणायचे, आणि दोन्ही मुलांना त्यांनी हे धंद्याच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं. त्याने एकोणीस मेल न उघडता पुसले. प्रत्येक वेळी त्याला आपण कुणालातरी फसवल्यासारखं बरं वाटत होतं.

विसाव्या मेलची वेळ आली नाही. एका सकाळी दुकानाची वेबसाइट बंद होती, आणि नावाबरोबर मेलही गेला होता. कुलूपवाल्याने आठवेल तो पासवर्ड टाकून पाहिला, चालला नाही. त्याने कंपनीला फोन लावला.

"पासवर्ड चुकतोय, सर. तुमच्या मेलवर कोड पाठवलाय," तीच बाई म्हणाली.

"अहो, मेलच बंद आहे. नाव गेलं म्हणून मेल गेला. मेल येत नाही म्हणून नाव मिळत नाही."

"बरोबर आहे, सर."

"बरोबर काय? वेबसाइटच्या जागी लिहिलंय, संध्याकाळपर्यंत पैसे भरले नाहीत तर उद्या ते नाव कुणीही घेईल. माझ्या वडिलांचं नाव आहे ते." त्याचा आवाज फुटला, आणि हा फुटलेला आवाज अगदी खरा होता.

"रडू नका, सर. उपयोग होणार नाही. तुमच्या विश्वासू व्यक्तीला कोड पाठवते."

"ते वारले."

"मेसेज पोचलाय, सर. वाचलाही गेलाय."

वडिलांचा फोन कुठे गेला हे कुलूपवाल्याला आता आठवलं. धाकट्याकडे गेलेल्या मशीनबरोबरच्या खोक्यात.

लाँड्रीवरचा जिना तो पहिल्यांदाच चढत होता. धाकटा मशीनपाशी किल्ली घासत होता. वडिलांचा फोन शेजारी खिळ्याला टांगलेला होता.

"हा अजून चालू ठेवलायस?"

"बाबांची गिऱ्हाइकं फोन करतात."

"आणि तू घेतोस त्यांना."

"तुझ्याकडे पाठवतो. नाव तुझ्याकडे आहे ना."

थोरल्याने फोनकडे बोट केलं. मग म्हणाला, "मुदतीचे मेसेज यावरही आले असतील."

"महिनाभर येतायत."

"मग सांगायचं नाही का, गाढवा?"

"नाक खुपसू नको म्हणालास, दादा. नाही खुपसलं." धाकट्याने हात पुसले आणि कोड वाचून दाखवला. थोरल्याने तिथेच उभ्याउभ्या पैसे भरले. नाव वर्षभरासाठी परत आलं. धाकट्याने चहा घेणार का विचारलं, थोरल्याला घाई होती.

घाई कसली, तर जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबून त्याने विश्वासू व्यक्तीच्या रकान्यातून वडिलांचा नंबर काढून टाकला. वर फोन वाजला. धाकटा दारात आला आणि मोठ्याने वाचू लागला.

"'आपल्याला विश्वासू व्यक्तींच्या यादीतून काढण्यात येत आहे. मान्य असल्यास एक दाबा.' दाबू, दादा?"

"दाब," थोरला मान खाली घालून म्हणाला.

लगेच त्याच्या फोनवर अक्षरं उमटली. 'पंधरा मिनिटांत नवी विश्वासू व्यक्ती नोंदवा, अन्यथा खातं कायमचं बंद होईल.' म्हणजे वर्षभराने नाव पुन्हा जाणार, आणि तेव्हा कुणालाच कोड येणार नाही. थोरला कठड्याला टेकला. बायको, मेव्हणा, शेजारचा चष्मेवाला, एकेक माणूस त्याने मनात आणला आणि बाद केला. चौदाव्या मिनिटाला तो पुन्हा वर गेला.

"तुझा नंबर सांग."

"जुनाच आहे."

"माझ्याकडे नाहीये तो."

परक्या गिऱ्हाइकाला सांगावा तसा एकेक आकडा धाकट्याने सांगितला. त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने मेसेज शांतपणे, शेवटपर्यंत वाचला: 'विश्वासू व्यक्ती होणं मान्य असल्यास एक दाबा.'

"लवकर दाब. वीस सेकंद उरलेत."

"घाई करणारा माणूस चोर असतो, दादा," धाकटा म्हणाला. एक न दाबताच फोन पुन्हा खिशात ठेवून त्याने मशीन सुरू केलं. त्या आवाजात थोरला रडला की नाही हे त्याला कळलं नाही, आणि रडला असता तरी उपयोग नव्हता.