वीस टक्के गुटगुटीत

रुचाचं वजन वाढत नाही, या काळजीने मला सलग तीन रात्री झोप लागली नाही.

तशी आमच्या डॉक्टरीणबाईंना काळजी वाटत नव्हती. चार वर्षांच्या रुचाला काट्यावर उभं करून त्या हसतमुखाने म्हणाल्या, "तेहतीस पौंड. तिसावं पर्सेंटाइल. परफेक्ट!" अमेरिकेत सगळंच परफेक्ट असतं. पण तीस? आमच्या घराण्यात आजवर कुणाला कशातही तीस पडले नव्हते. (माझ्या बारावीच्या फिजिक्सचा विषय इथे नको.) मी गाडीत बसल्या बसल्या ठरवलं, पोरीला निदान साठपर्यंत तरी न्यायचंच. त्या दिवसापासून वरणभातावर तूप पडायचं ते धारेने. आणि एका जेवणाला 'शेवटचा घास' सरासरी अकरा वेळा यायचा.

त्याच सुमारास यशोधनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, थँक्सगिव्हिंगच्या सेलला पहाटे पाचला आमच्या रेडमंडच्या पावसात रांग लावून बावीस इंची नवा मॉनिटर आणला. चांगला ऐसपैस, आडवा. आमच्या पाच वर्षांच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला तो जोडला तेव्हा चित्र या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून आलं. मला फार आवडलं. यशोधन मात्र मान वाकडी करून म्हणाला, "रिझोल्यूशन बरोबर नाहीये. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र मांडणारं सॉफ्टवेअर, जुनं आहे, त्याला हा मॉनिटर झेपत नाही. वीकएंडला बघतो."

यशोधन सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. ऑफिसात एखादं बटण केसभर सरकलं तरी तो चार माणसांची झोप उडवतो. घरचा वीकएंड मात्र सहा आठवड्यांनी उगवला.

दरम्यान मी नव्या मॉनिटरवर रुचाचे फोटो उघडले, आणि काय सांगू! पोरीचे गाल वर आले होते. दंड भरले होते. पोटऱ्या तर अशा, की दृष्ट काढावीशी वाटली. तूप अंगी लागलं! (त्याच फोटोंत मीही बरीच भरल्यासारखी दिसत होते. पण तो कॅमेऱ्याच्या अँगलचा दोष, हे मला लगेच कळलं.) त्या रात्री मी महिन्याभराची झोप काढली आणि सकाळी उठून फोटो नागपूरला सासूबाईंना ईमेल केले. वर विषय लिहिला, 'बघा आता!'

दुसऱ्याच दिवशी सासूबाईंचा फोन.

"पाहिले फोटो. का गं अदिती, पोरगी काही खाऊन राहिली की नाही?"

"आई! गाल बघा ना तिचे!"

"कुठे आहेत गाल?"

"कुठे म्हणजे? डोळ्यांखाली!"

"डोळ्यांखाली हनुवटीच दिसून राहिली मला."

मी आणखी सात फोटो पाठवले. बाजूने, पाठमोरे, स्विमिंगच्या कपड्यांतले. सासूबाईंचं उत्तर एका ओळीत आलं : 'डिंकाचे लाडू पार्सल करते.'

आता मला वेगळीच काळजी लागली. एवढी धडधडीत गुटगुटीत पोर ज्या बाईला दिसत नाही, तिला मोतीबिंदूच झाला असणार. मी यशोधनला तसं म्हटलं.

"आईला? अगं, ती समोरच्या गच्चीवरच्या वाळवणात कुणी हात घातला ते ओळखते."

"लांबचं दिसत असेल. जवळचं जातं आधी."

"तू मायक्रोबायोलॉजिस्ट आहेस ना?"

"म्हणूनच सांगतेय!"

मग मी सासऱ्यांना फोन करून, अगदी हळुवारपणे, "बाबा, आईंचे डोळे एकदा दाखवून घ्या हं, वेळेवर कळलेलं बरं," असं सुचवलं. दुर्दैवाने तिकडे फोन स्पीकरवर होता.

"अस्सं," असा एक आवाज मागून आला, आणि मग बारा दिवस नागपूरहून काहीच आलं नाही. फोन नाही, ईमेल नाही, रुचाची वेबकॅमवरची नेहमीची भेट नाही. डिंकाचे लाडूसुद्धा नाहीत. सासूबाईंनी तीस वर्षं शाळेत पेपर तपासले होते. त्यांच्या नजरेत आजवर कुणी खोट काढली नव्हती, आणि मी ती सून असून, साडेसात हजार मैलांवरून, स्पीकरवर काढली होती. शेवटी बाबांची ईमेल आली : 'शुक्रवारी डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे. रविवारी सकाळी, तुमच्या शनिवारी संध्याकाळी, वेबकॅमवर ये. ही बोलणार आहे.'

'ही बोलणार आहे' या तीन शब्दांनी माझी झोप पुन्हा गेली.

त्याच शनिवारी दुपारी यशोधनचा तो सुप्रसिद्ध वीकएंड उगवला. त्याने नवा ड्रायव्हर उतरवून घेतला, कसल्या कसल्या बटणांवर क्लिक केलं आणि मला म्हणाला, "आता स्क्रीन काळा होईल. घाबरू नकोस. कशालाही हात लावू नकोस."

स्क्रीन काळा झाला. मी घाबरले. मग चित्र परत आलं, आणि मी किंचाळलेच. स्क्रीनवर मागे रुचाचा फोटो लावलेला होता. त्यातली रुचा वाळली होती!

"काय केलंस तू हिला?"

"काय केलं?"

"गाल कुठे गेले?"

तेवढ्यात मध्यभागी एक चौकट आली. हे सेटिंग ठेवायचं का? पंधरा सेकंदांत सांगितलं नाही तर पहिल्यासारखं करतो. पंधरा, चौदा, तेरा... कॉम्प्युटर इतक्या समंजसपणे विचारतोय म्हटल्यावर मी माउस हिसकावला आणि 'नो' दाबलं. रुचा टम्म फुगून परत आली. मला हायसं वाटलं.

"अदिती, काय करतेस यार?" यशोधनने पुन्हा सेटिंग बदललं. स्क्रीन काळा. रुचा बारीक. चौकट. मी पुन्हा 'नो'. तिसऱ्या खेपेला त्याने माझे दोन्ही हात धरले.

"सोड! सात सेकंद राहिले!"

"अगं, हे बरोबर आहे. आधीचं चूक होतं. आडव्या मॉनिटरवर जुना ड्रायव्हर सगळंच ताणून दाखवत होता. वीस टक्के."

"म्हणजे ही..."

"रुचा, इकडे ये गं, इथे उभी राहा."

रुचा हातात सिरिअलचा वाडगा घेऊन मॉनिटरशेजारी उभी राहिली. मी फोटोकडे पाहिलं. मुलीकडे पाहिलं. पुन्हा फोटोकडे. दोघी सारख्या होत्या, तिसाव्या पर्सेंटाइलच्या. भिंगातून दिसतो तो वस्तूचा खरा आकार नव्हे, हे शिकण्यात मी एम.एस्सी.ची दोन वर्षं घालवली आहेत.

(नव्या सेटिंगवर मीही वीस टक्के बारीक दिसत होते. त्या आनंदात मी चार सेकंद होते. मग डोळ्यांच्या डॉक्टरचा शुक्रवार होऊन गेला हे आठवलं.)

संध्याकाळी ठरल्या वेळी मी देवाचं नाव घेऊन वेबकॅम लावला. स्क्रीनवर खिडकी उघडली. समोर सासूबाई, इस्त्रीच्या साडीत.

"डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळे ठणठणीत. मोतीबिंदू तर नाहीच, चष्म्याचा नंबरही वाढला नाही. हे पाहा सर्टिफिकेट." त्यांनी कागद कॅमेऱ्यासमोर धरला. "आता तू बोल."

मी बोलले. ड्रायव्हरपासून तुपापर्यंत सगळं सांगितलं. "आई, चूक माझी होती. तुम्हाला दिसत होतं तेच खरं. मी ताणलेली रुचा बघून खूश होत होते."

सासूबाई हलल्या नाहीत. तोंड किंचित उघडं, भुवया वर. पाच सेकंद. दहा सेकंद. लाइन अडकली की सासूबाई, ते कळायला मार्ग नव्हता. मग आधी स्पीकरमधून हसू आलं, खदखदून, आणि त्यामागून तुकड्यातुकड्यांनी हसणारा चेहरा आला. मागे बाबाही हसत होते. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"अगं वेडे," सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "यशोधन तर याहून हडकुळा होता. मी त्याच्या चड्डीला दोन नाड्या लावायची! सोड तो घोर. पोरीला बसव समोर."

रुचा खुर्चीवर चढली. नव्या सेटिंगवर ती आजीला पहिल्यांदाच पाहत होती. बराच वेळ टक लावून पाहिलं. मग एकदम पुढे झुकून तिने माइकला ओठ लावले आणि मला, यशोधनला व नागपूरला स्वच्छ ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाली,

"आजी, यू गॉट सो स्किनी! आईला सांगू नको हं. ती तुला पण भरवत बसेल."