गंगारामच्या पोटावरची गावकीची चाचणी

मनुष्य आजारी पडला की त्याचे शरीर ही सार्वजनिक मालमत्ता होते, हे तत्त्व कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. पण कोकणातल्या आरोंदा गावात ते कायद्यापेक्षा काटेकोरपणे पाळले जाते. त्यामुळे गंगारामच्या जठरात गाठ निघाली तेव्हा तिच्यावरचा त्याचा एकट्याचा हक्क जेमतेम आठवडाभर टिकला.

गाठ हट्टी होती. पहिल्या गोळीने ती दबली, मग त्या गोळीला जुमानेनाशी झाली. दुसऱ्या गोळीलाही तिने तसाच गुंगारा दिला. तेव्हा मुंबईच्या इस्पितळातल्या डॉक्टर प्राजक्ताबाईंनी त्याला एका नव्या औषधाच्या चाचणीत घेतले. हे औषध सरसकट सगळ्या शरीरावर तुटून पडत नाही, गाठीतला नेमका बिघाड शोधून तेवढाच बंद पाडायला बघते, असे त्यांनी समजावले. गंगारामची हयात खाडीत गरी टाकण्यात गेलेली. तो म्हणाला, "म्हणजे मासो जुन्या आमिषाक वळखता. आता नवा लावन बघूचा." डॉक्टरबाईंना हे पटले. त्यांनी अट मात्र एकच घातली. चाचणी चालू असेपर्यंत दुसरे कुठलेही औषध पोटात जाता कामा नये; काढा नाही, चूर्ण नाही, झाडपाला नाही. तसे काही गेले तर गोळी रक्तात कमी उतरते नाहीतर भलतीच चढते, आणि माणूस चाचणीतून बाद होतो.

गंगारामने मान डोलावली. त्याला जगायचे होते. पण त्याला आरोंद्यातच जगायचे होते, आणि अडचण तिथे होती.

कारण गावाची स्वतंत्र चाचणी त्याआधीच सुरू झाली होती. तिची शिस्त वाखाणण्यासारखी होती. मुंबईच्या चाचणीला नैतिकता समिती लागते. गावात सगळेच नैतिक असल्यामुळे वेगळी समिती नेमलेली नाही. मुंबईला रुग्णाची लेखी संमती लागते. गावात बघायला आलेला माणूस बाटली पुढ्यात ठेवतो आणि रुग्ण नाही म्हणत नाही, एवढी संमती पुरते. (नाही म्हणणारा रुग्ण अद्याप आढळलेला नाही. आढळल्यास त्याच्या मयताला किती माणसे येतील, याबद्दल मतभेद आहेत.)

निवृत्त मास्तर धनेश यांनी काळपट काढा आणला. त्याने त्यांच्या साडूची मूळव्याध बरी झाली होती. (जठर आणि ते ठिकाण एकाच रस्त्यावर आहे, असे मास्तरांचे म्हणणे.) दुकानदार गुरुदासने हिमालयातली पावडर दिली, जी सावंतवाडीत मिळते. कोणी गोमूत्र आणले, कोणी मांत्रिकाने मंतरलेले पाणी. मुंबईत नोकरी करणाऱ्या एका पुतण्याने चार व्हिडिओ पाठवले आणि ते सकाळी अनशापोटी बघायला सांगितले. औषध आणणाऱ्यांपैकी शंभर टक्के लोकांनी आपले औषध शंभर टक्के लागू पडते असे सांगितले. एवढे एकमत मोठमोठ्या प्रयोगशाळांना जमत नाही. दुष्परिणामांची नोंद शून्य आहे, कारण ते कोणी विचारलेच नाहीत.

हे सगळे सांभाळले ते गंगारामच्या बायकोने, हौसाबाईने. ती प्रत्येक बाटली दोन्ही हातांनी घ्यायची, "जेवल्यार देतंय" म्हणून सांगायची, चहा करायची, आणि पाहुणा बेड्याबाहेर, म्हणजे अंगणाच्या फाटकाबाहेर, पडला की बाटली परसातल्या माडाच्या बुंध्यात रिकामी करायची. नाही म्हणणे तिला जमत नव्हते. ओतणे जमत होते.

काही महिन्यांनी मुंबईत यंत्राने पुन्हा पोटाच्या आतली चित्रे काढली. गाठ निम्म्याहून लहान झाली होती.

आरोंद्यात आनंद झाला, आणि संध्याकाळपर्यंत गाठ कोणी लहान केली यावर पाच पक्ष पडले. मास्तरांनी काढ्याची कृती छापून वाटली. गुरुदासच्या दुकानातली पावडर संपली. इथवर कोणाचेच नुकसान झाले नव्हते, माड सोडल्यास. पण शेजारच्या अंगणवाडीत शिकवणाऱ्या सुगंधाला तसलीच गाठ होती आणि तिचीही दुसरी गोळी चालेनाशी झाली होती. प्राजक्ताबाईंनी तिला त्याच चाचणीसाठी पुढच्या आठवड्यात बोलावले होते, आणि तोवर बाकीचे सगळे बंद करायला बजावले होते. सुगंधा मास्तरांचा काढा दोन वेळ पीत होती. तिने गंगारामला सांगितले की मुंबईला काही ती जात नाही. जे समोर दिसते आहे ते सोडून परक्या गावात धक्के कशाला खायचे? आणि समोर दिसत होता तो गंगाराम. आपल्या भिडस्तपणाने एका बाईचा जीव जाणार, याची त्याला गाठीपेक्षा जास्त भीती वाटली.

सोमवारी गंगाराम बरा झाल्याबद्दल देवळात गाऱ्हाणे, म्हणजे साऱ्या गावाने मिळून देवाला घालायचे साकडे, ठेवले होते. गाऱ्हाण्याचा मान गावातल्या वडीलधाऱ्या दाजींचा. त्यांच्या कानात जे सांगावे ते दाजी देवाला जसेच्या तसे ऐकवतात, आणि प्रत्येक वाक्यावर गाव होकार भरते. काय म्हटले हे ऐकून होकार भरण्याची पद्धत नाही. गंगाराम पुढे झाला आणि दाजींच्या कानाला लागला. दाजींनी एकदा त्याच्याकडे बघितले, मग नारळावर हात ठेवला.

"बा देवा म्हाराजा, ह्या गंगारामाक गावान जीव लावलो."

"व्हय म्हाराजा."

"जो तो औषद घेवन इलो."

"व्हय म्हाराजा."

"त्यातला एकव त्येना पोटात घेतल्यान नाय, सगळा माडाक घातल्यान. बरो झालो तो मुंबयच्या गोळयेन."

"व्हय म्हाराजा," गाव एका आवाजात म्हणाले.

"तर ह्या सुगंधाक आज बुद्धी दी, आणि सगळ्यो बाटलयो सोडून मुंबयक धाड."

"व्हय म्हाराजा."

मग आपण कशाला होकार भरला ते गावाच्या ध्यानात आले. देवासमोर भरलेला होकार मागे घेता येत नाही. सुगंधा पायरीवर बसून राहिली, आणि थोड्या वेळाने तिने गंगारामला मुंबईच्या गाडीची वेळ विचारली.

गंगारामला वाटले होते, आता गाव तोंड फिरवणार. तसे काहीच झाले नाही. नारळाची शेरणी, म्हणजे खोबऱ्याचा प्रसाद, वाटताना मास्तर त्याच्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरा केलंस. लोक कायव आणून देतत." त्यांच्यामागे गुरुदास आला आणि तेच म्हणाला. दोघांच्याही चेहऱ्यावर निखळ समाधान होते.

हौसाबाई त्याच्याबरोबर घरी निघाली. सगळ्या बाटल्या तिने स्वतःच्या हाताने ओतल्या होत्या. बेड्याशी आल्यावर ती हळूच म्हणाली, "बाकीच्यांचा जाव दे. माज्या म्हायारची मुळी मी उगाळून दिलंय, ती तरी तुमी घेतलास मा?"

गंगारामने देवाची शपथ सोडून बाकी सगळ्या प्रकारे हो म्हटले.

सुगंधा सध्या मुंबईत आहे. गोळी सुरू झाली आहे, पहिली चित्रे अजून निघायची आहेत. तिचा फोन नंबर या कथेत मुद्दाम दिलेला नाही. आपण सुज्ञ वाचक आहात, मास्तरांना हसलात, हौसाबाईलाही हसलात. आणि तरी मघापासून आपल्या मनात घोळते आहे की ते सगळे ठीक, पण आपल्या आत्याला ज्याने गुण आला ते खरोखरच वेगळे होते. असेलही. फक्त ते सुगंधाला कळवू नका. तिलाही नाही म्हणता येत नाही.